पीछे से गया है

दिल्लीत बंद पडलेली कुठलीही गोष्ट 'पीछे से' बंद पडलेली असते. वीज गेली तर 'पीछे से गई है', नळ कोरडा असला तर 'पीछे से प्रेशर नहीं है', आणि इंटरनेट गेलं तर 'भाईसाब, पीछे से ही डाउन है.' हे पीछे नेमकं कुठे येतं, याची चौकशी सभ्य माणूस करत नाही. सरोजिनी नगरात राहणाऱ्याने तर मुळीच करू नये, कारण इथल्या घरटी एका माणसाची नोकरी त्या पीछेमध्येच आहे. हे मंत्रालय, ते मंत्रालय... देशभरातल्या लोकांचं जे काही 'वरून' अडलेलं असतं, ते अडवणारी मंडळी संध्याकाळी रिकामा डबा घेऊन याच वसाहतीत परत येतात आणि जिन्यातला दिवा बंद दिसला की आपल्यासारखीच हळहळतात.

ही वसाहत केंद्र सरकारची. पूर्वी हिला विनय नगर म्हणत, पुढे सरोजिनी नायडूंचं नाव मिळालं. बाहेरच्या जगाला यातलं काही ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी सरोजिनी म्हणजे बाजार. एक्स्पोर्टचा उरलेला माल, शिवणीत कुठेतरी एक टाका चुकला म्हणून परदेशी न गेलेले शर्ट, आणि त्या चुकलेल्या टाक्याचा शोध लावून शंभर रुपये कमी करून घेणाऱ्या बायका. पुण्याहून आलेली पाहुणी कुतुबमिनार फोटोपुरता बघते आणि सरोजिनीला अख्खा दिवस देते. सोमवारी बाजार बंद असतो हे कळल्यावर परतीचं तिकीट पुढे ढकलणाऱ्या नातेवाईक माझ्या माहितीत आहेत. माझी बायको मंत्रालयात, क्वार्टर तिच्या नावावर, आणि मी घरी बसून भाषांतरं करतो. म्हणजे वसाहतीच्या दृष्टीने मी 'डिपेंडंट' या रकान्यात मोडतो. इंटरनेट गेलं की तो रकाना मला फार झोंबतो.

बाजारात नेटची तब्येत कळते ती पैसे आल्याचं ओरडून सांगणाऱ्या त्या छोट्या डबीवरून. तीनशेच्या टॉपचे दीडशे ठरेपर्यंत नेट उत्तम असतं. दीडशे ठरले की ते जातं. 'दीदी, नेट नहीं आ रहा, कैश दे दो.' दोनशेची नोट पुढे केली की सुटे पैसेही पीछे से गेलेले असतात. मग मुलगी निर्विकारपणे 'रहने दो भैया' म्हणून दोन पावलं पुढे जाते आणि त्या दोन पावलांत नेट परत येतं. यंत्राची इतकी अचूक दुरुस्ती मी अन्यत्र पाहिलेली नाही.

घरात मात्र असा उपाय चालत नाही. घरात नेट गेल्यावर पहिल्यांदा फोन खिडकीबाहेर धरला जातो. राउटर कपाटावर, फोन खिडकीबाहेर, आणि तरीही का कोण जाणे हा उपाय सगळ्यांना सुचतो. मग राउटर बंद करून चालू करणं. मग 'दहा मिनिटं थंड होऊ दे.' मग खालच्या मजल्यावर विचारणा. खालचे लोक इतके सुस्वभावी, की केवळ सहानुभूती म्हणून 'हमारा भी गया है' म्हणतात. त्यांचं गेलेलं नसतं, पण शेजाऱ्याचं गेलेलं असताना आपलं आहे असं सांगणं बरं दिसत नाही. अशा रीतीने एका घरातला बिघाड चहा होईपर्यंत अख्ख्या इमारतीचा होतो आणि अख्ख्या इमारतीचा झाला की तो अर्थातच पीछे से असतो.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला ही दिल्लीची रीत मान्य नाही. त्याने माझ्या जुन्या संगणकावर लिनक्स घालून दिलं, तेव्हाच बजावलं होतं: "मामा, नेट गेलं की आधी टर्मिनलची काळी खिडकी उघडायची. कुणाला काही विचारायचं नाही." जूनमधल्या एका दुपारी त्याला फोन केला.

"लिंक आहे का?" त्याने विचारलं.

"नाही रे, म्हणून तर फोन केला."

"तू नेट नाही म्हणतोयस. मी लिंक विचारतोय. 'आयपी लिंक' असं टाइप कर आणि जे येईल ते वाच."

मी वाचायला लागलो. पहिली नोंद कुणा 'लो'ची होती. त्याच्याकडे नंतर येऊ. दुसरी आमच्या केबलची. तीत कोनी कंसात लिहिलं होतं: नो-कॅरियर, ब्रॉडकास्ट, मल्टिकास्ट, अप. कंस मिटला. पुढे थोड्या अंतरावर त्याच ओळीत: स्टेट डाउन.

"अरे, हे अपही म्हणतंय आणि डाउनही म्हणतंय."

"बरोबर आहे. कंसातलं अप म्हणजे तू त्याला चालू राहायला सांगितलंयस. बाहेरचं डाउन म्हणजे ते चालू नाहीये. नो-कॅरियर म्हणजे केबलच्या दुसऱ्या टोकाला कुणी जिवंत नाही. आता ऊठ आणि दुसरं टोक बघ."

दुसरं टोक राउटरमध्ये घट्ट बसलेलं होतं. राउटरही जागेवर होता. फक्त त्याचा प्लग निघालेला होता आणि त्या जागी कूलरचा बसलेला होता. जूनमधल्या दिल्लीत कूलरचा प्लग कुणी लावला याचा तपास संसारी माणसाने करू नये. फोन मात्र तोपर्यंत गुपचूप मोबाइलच्या डेटावर गेले होते, त्यामुळे घरातल्या इतरांना नेट गेल्याचा पत्ताच नव्हता. आणि खालच्या मजल्यावर अजून हळहळ चालू होती.

ही ओळ मी कौतुकाने आबांना दाखवली. आबा तळमजल्यावर लेकीकडे राहतात. साताऱ्याकडचे, जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. त्यांना इंग्रजी संक्षेप वाचायची इतकी सवय, की संगणकाला ते बिचकले नाहीत. चष्मा वर करून त्यांनी ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "ह्यात घोटाळा काय? मंजूर आहे, चालू नाही. आमच्याकडे पुलाच्या फायलीवर दोन रकाने असायचे. प्रशासकीय मान्यता एकीकडं, कामाची सद्यःस्थिती दुसरीकडं. पूल मान्यतेत उभा असतो, नदीत नसतो."

मी भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, खरंच असंच आहे. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्यांचं २८६३ क्रमांकाचं एक टिपण आहे, जून २०००चं. त्यात प्रत्येक जोडणीला दोन वेगळे रकाने दिलेत, एक प्रशासकीय स्थितीचा आणि एक प्रत्यक्ष स्थितीचा. बायकोच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर विंडोज आहे, तिथेही 'नेटएसएच' या कमांडने यादी मागवली की पहिला रकाना 'ॲडमिन स्टेट' असतो आणि त्याला लागून नुसता 'स्टेट'. पहिल्यात एनेबल्ड, दुसऱ्यात डिसकनेक्टेड. बायकोने ते पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आमच्या योजनांचा आढावा असाच असतो. फक्त दुसरा रकाना छापत नाहीत."

त्या टिपणात आणखी एक गंमत आहे, आणि ती लिहिणाऱ्यांना सरकारचा अनुभव नव्हता यावर माझा विश्वास बसत नाही. साहेबाच्या रकान्यात तीनच गोष्टी लिहिता येतात: चालू, बंद, चाचणी. प्रत्यक्षाच्या रकान्यात मात्र सात. चालू, बंद आणि चाचणी तर आहेतच. शिवाय 'अज्ञात'. शिवाय 'सुप्त', म्हणजे सगळं जागेवर आहे, पण बाहेरून काहीतरी घडण्याची वाट पाहणं चाललंय. शिवाय 'उपस्थित नाही', म्हणजे नोंद आहे पण वस्तूच नाही. आणि सातवी अवस्था 'खालचा थर बंद': माझं स्वतःचं काही बिघडलेलं नाही, माझ्या खालचा काम करत नाहीये. आबांनी ही सातही नावं एका पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतली. मला वाटलं, नातवाला दाखवायला घेतली असतील.

आता तो 'लो'. प्रत्येक यंत्रात हा पहिल्या क्रमांकावर बसलेला असतो. त्याला कुठलीही वायर नाही, अँटेना नाही, बाहेर जाण्याचा मार्ग नाही. त्याचं काम एकच: यंत्राने स्वतःशी बोलणं. पत्ता १२७.०.०.१. घर जळो, केबल तुटो, हा बोलणं थांबवत नाही. आणि इतका भरवशाचा असूनही त्याच्यापुढे स्थिती कोणती छापलेली असते? अननोन. कधीही बंद न पडणाऱ्याची चौकशी कुणी करत नाही, असा एकूण प्रकार. स्वतःशी बोलण्यासाठी त्याला एकच पत्ता पुरला असता, पण जुन्या पद्धतीत १२७ने सुरू होणारे सगळेच्या सगळे पत्ते त्याच्या नावावर करून ठेवलेत. १,६७,७७,२१६. जगातल्या दर २५६ पत्त्यांतला एक पत्ता केवळ स्वगतासाठी राखीव! पत्ते संपत आले म्हणून जगभर ओरड झाली तरी याच्या इस्टेटीला कुणी हात लावला नाही. नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीच्या सहाव्या आवृत्तीत, पत्ते मोजता येणार नाहीत इतके आहेत आणि तिथे मात्र त्याला एकच दिलाय. पूर्वी सरकारी बंगल्यांना मागे-पुढे बागा असत आणि आता टॉवरमधले फ्लॅट मिळतात, हे सरोजिनी नगरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. या वसाहतीसह दिल्लीतल्या सात सरकारी वसाहती पाडून पुन्हा बांधायचं केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली मंजूर केलं, तेव्हापासून जांभळं आणि कडुलिंब असलेल्या अंगणांच्या आठवणी इथे अखंड चालू असतात. ऐकणारं कुणी नसलं तरी.

नावांचंही तेच. पूर्वी केबलच्या जोडणीला 'ईटीएच शून्य' असं सुटसुटीत नाव असे. दोन कार्डं असली तर एक शून्य, दुसरं एक. भानगड अशी, की यंत्र सुरू होताना जे कार्ड आधी जागं होईल ते शून्य व्हायचं. आज तुम्ही शून्य, उद्या मी. म्हणून २०१३च्या सुमाराला लिनक्सवाल्यांनी नावं जागेवरून द्यायला सुरुवात केली. आमच्या कार्डाचं नाव 'ईएनपी३एस०', म्हणजे तिसऱ्या बसवर, शून्याव्या खाचेत बसणारं इथरनेट. जुनी माणसं या नावावर अजून चिडतात. मला ते आवडलं, कारण वसाहतीतही माणसाला नाव असतं ते फक्त पहिल्या महिन्यात. पुढे तो 'डी ब्लॉक, फर्स्ट फ्लोर' होतो, बदली झाली की दुसरा माणूस येऊन 'डी ब्लॉक, फर्स्ट फ्लोर' होतो आणि दूधवाल्याच्या वहीत खाडाखोड करावी लागत नाही.

जुन्या माणसांवरून आठवलं. ही चौकशी करायची जुनी कमांड 'इफकॉन्फिग'. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधून ती आली. लिनक्सवर तिच्या जागी 'आयपी' येऊन जमाना झाला. डेबियनने २०१७च्या आवृत्तीपासून तिला आपणहून बसवणंही सोडलं. तरी चाळिशी ओलांडलेला प्रत्येक सिस्टमवाला आधी तीच टाइप करतो, 'कमांड नॉट फाउंड' वाचतो, एक सुस्कारा टाकतो आणि नवीन मागवतो. तिच्यात एक खोड आहे: नुसतं विचारलं तर ती चालू असलेल्याच जोडण्या दाखवते, ज्यांना बंद ठेवलंय त्यांचं नावही काढत नाही. त्यांच्याबद्दल हवं असेल तर वेगळं अक्षर जोडून विचारावं लागतं. बायकोला मी हे सांगितलं नाही. तिला संसदेतली उत्तरं लिहावी लागतात.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की काळ्या खिडकीत 'स्टेट अप' दिसलं की झालं. तसं नाही, आणि भाच्याने सांगितलेल्यापैकी सगळ्यात कामाची गोष्ट हीच. यंत्र फक्त आपल्या उंबरठ्यापुरतं बोलतं. अप म्हणजे माझ्यापासून समोरच्या डब्यापर्यंत ठीक. डब्याच्या पलीकडे जग बुडालेलं असलं तरी ते शांतपणे अप सांगणार. खोटं काही नाही. तुम्ही विचारलंत तेवढंच ते सांगतंय. कधी कधी तर डबाही जागा असतो, वायर ठीक असते, पण पत्ते वाटणारा जागेवर नसतो. मग यंत्र थोडी वाट पाहतं आणि १६९.२५४ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच घेऊन टाकतं. ॲलॉटमेंट लेटर नाही, काही नाही, नुसतं घुसून बसायचं. त्या पत्त्यावरून बाहेर कुठेच जाता येत नाही, पण बेघर तर नाही!

तेव्हा पीछे शोधायचं तर एकेक पायरी पुढे जाऊन हाक मारावी लागते. ती हाक म्हणजे 'पिंग'. माइक मूस नावाच्या अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेतल्या माणसाने डिसेंबर १९८३मध्ये एका संध्याकाळी ती लिहिली; पाणबुड्यांचा सोनार आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतो, तेच तत्त्व. आधी स्वतःला पिंग, मग राउटरला, मग राउटरच्या पलीकडच्याला. जिथे उत्तर थांबतं तिथे पीछे सुरू होतं. पुढच्या खेपेला नेट गेलं तेव्हा मी हे सगळं शास्त्रोक्त केलं. लो बोलला. राउटर बोलला. पलीकडे शांतता. कपाटावर चढून पाहिलं, तर फायबरच्या डब्यावर लाल दिवा. म्हणजे प्रकाशच येत नव्हता. आयुष्यात प्रथमच मला पुराव्यानिशी म्हणता आलं, की पीछे से गया है. ते म्हणताना छाती भरून आली.

कंपनीच्या फोनवर 'राउटर एक बार बंद करके चालू कीजिए' हे मंगलाचरण झालं, आणि दुसऱ्या दिवशी लाइनमन स्कूटरवरून आला. त्याच्याजवळ मुठीत मावेल एवढं मीटर होतं. डब्याला येणारी काडी त्याने काढून मीटरला लावली. "सर, पावर माइनस तैंतीस आ रही है." ही मोजणी उलटी असते. उणे एकोणीस-वीस म्हणजे उत्तम, उणे सत्तावीसपर्यंत डबा कसाबसा तग धरतो, त्याखाली त्याला काही दिसत नाही. "बंदर होंगे," तो म्हणाला. हे ऐकून हसू नये. वाराणसीत गंगेच्या काठाने टाकलेल्या फायबरच्या केबली माकडांनी कुरतडल्याची बातमी २०१५ साली जगभर छापून आली होती. पण आमच्या इमारतीभोवती त्या दिवशी माकड नव्हतं.

तो केबलचा माग काढत निघाला, मागोमाग मी, माझ्यामागे आबा. केबल आमच्या खिडकीतून निघून पाइपाला गुंडाळून वर गेली होती. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून ती आडवी पलीकडच्या ब्लॉककडे जात होती, आणि त्या आडव्या भागावर एक निळी जीन्स वाळत होती. ओली. चिमट्यांनी नीट लावलेली. वजनाने केबल खिळ्यावर काटकोनात वाकली होती. फायबर म्हणजे आत काचेचा तंतू. तो फार वाकवला की प्रकाश वळणावर आत टिकत नाही, बाहेर सांडतो. लाइनमनने जीन्स उचलली. मी खाली धावत जाऊन पाहिलं, तर दिवा हिरवा. पीछे म्हणतात ते हे. सरोजिनीच्याच बाजारातली, बहुधा अडीचशेची.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, जागा नाही, गच्चीची किल्ली मिळत नाही. किल्ली का मिळत नाही? पीछे से.

त्या रविवारी रहिवाशांची बैठक होती. तक्रार वहीत आजवर एकच रकाना होता: 'तक्रार'. आबांनी तो पाठकोरा कागद खिशातून काढला आणि वहीत दोन नवे रकाने आखले. एक मंजुरीचा, एक प्रत्यक्षाचा. प्रत्यक्षात सातांपैकीच काहीतरी लिहायचं, 'पीछे से' लिहायचं नाही, असा ठराव त्यांनी मराठी हिंदीत मांडला आणि कुणालाच नीट न समजल्यामुळे तो एकमताने मंजूर झाला. जिन्यातला दिवा: मंजुरी चालू, प्रत्यक्ष बंद. पाण्याची मोटर: चाचणी, गेल्या हिवाळ्यापासून. बागेतलं कारंजं: उपस्थित नाही. गच्चीची किल्ली: अज्ञात. रात्रीचा चौकीदार: यावर जरा वाद झाला, शेवटी 'सुप्त' लिहिलं. बाहेरून काहीतरी घडण्याची तो खरोखरच वाट पाहत असतो.

नाताळच्या कार्यक्रमाचा निधी कुठवर आला, असं विचारल्यावर खजिनदार उठले. बजेट विभागातला माणूस. त्यांनी वही आपल्याकडे ओढली, सातही नावांवरून बोट फिरवलं, आपल्या नावापुढे मंजुरीच्या रकान्यात 'चालू' लिहिलं आणि शेजारी सुवाच्य अक्षरात 'खालचा थर बंद'. मग वही बंद करून कुणाकुणाची वर्गणी राहिली आहे ती यादी वाचायला घेतली. पहिलं नाव आबांच्या जावयाचं निघालं.